संदर्भलेख : दहशतवादाचा अभ्यास, जबलपूर ते जग

जबलपूर : मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात २६ व २७ मे २०२३ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) राज्याच्या दहशतवादविरोधी पथकासह १३ ठिकाणी छापे घातले आणि तीन जणांना अटक केली. ‘इस्लामिक स्टेट’ या बंदी घातलेल्या संघटनेच्या विचारांचा प्रसार करून स्थानिक तरुणांचा गट उभा करण्याचा प्रयत्न सुरू होता, असा यंत्रणेचा आरोप होता. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे कायद्याचे मूलतत्त्व अशा प्रत्येक प्रकरणाला लागू असते. मात्र या बातमीतून उभा राहणारा प्रश्न एका खटल्यापुरता नाही. मूठभर व्यक्तींवर संशय आला की त्यांच्या मोहल्ल्याकडे, भाषेकडे, धर्माकडे बोट दाखवले जाते. जबलपूरमधील गोहलपूरसारख्या दाट वस्तीच्या, मुस्लीम लोकसंख्या मोठी असलेल्या भागातील रहिवाशांसाठी हा प्रश्न नोकरीचा, भाड्याच्या घराचा आणि मुलांच्या भवितव्याचा असतो.

माणूस हिंसक अतिरेकाकडे का वळतो, त्याला आधी ओळखता येते का आणि तो परत कसा येतो, या तीन प्रश्नांवर जगभरातील संशोधक गेली पाच दशके काम करीत आहेत. या संशोधनाचा एक जुना धागा थेट जबलपूरपर्यंत येतो.

ठगी विभागाचे मुख्यालय

१८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून जबलपूर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. त्यानंतर काही वर्षांतच नर्मदेच्या खोऱ्यात विल्यम हेन्री स्लीमन हा लष्करी अधिकारी मुलकी कामावर आला. १८२२ मध्ये त्याच्याकडे नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार आला. प्रवाशांशी सलगी करून वाटेत रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांचा, म्हणजे ठगांचा, बंदोबस्त हे त्याचे जीवितकार्य ठरले. १८३५ मध्ये तो ठगी निर्मूलन मोहिमेचा प्रमुख अधीक्षक झाला आणि जबलपूर हे या मोहिमेचे केंद्र बनले. आजच्या कटनी जिल्ह्यातील स्लीमनाबाद हे गाव त्याच्याच नावाने वसलेले आहे.

स्लीमनच्या कामाची पद्धत त्या काळाच्या मानाने आधुनिक होती. पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करून त्याने त्यांच्याकडून साथीदारांची नावे, वाटा आणि प्रेते पुरल्याच्या जागा काढून घेतल्या. त्यांच्या सांगण्यावरून अनेक ठिकाणी सांगाडे उकरून काढण्यात आले. ठग कुटुंबांच्या वंशावळी तयार झाल्या, नकाशे काढले गेले. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश त्याने ‘रामासीआना’ या नावाने १८३६ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केला. माफीचे साक्षीदार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि गालिचे विणले जात. साक्षीदारांचे जबाब, नात्यांचे जाळे, माहितीचा साठा आणि अखेरीस पुनर्वसन, ही साखळी आजच्या कोणत्याही दहशतवादविरोधी मोहिमेत ओळखीची वाटेल.

या मोहिमेची दुसरी बाजू कायद्यात दिसते. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत सामील असणे हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरवला. विशिष्ट खून विशिष्ट व्यक्तीने केल्याचे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. सदस्यत्व कायद्यापूर्वीचे असले तरी ते शिक्षेस पुरेसे होते आणि ‘ठग’ म्हणजे कोण याची व्याख्या अधिनियमात नव्हती. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच विचार जन्मावर नेऊन ठेवला. संपूर्ण जमातीच गुन्हेगार म्हणून नोंदवल्या गेल्या. हा शिक्का स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला गेला. महाराष्ट्रातील विमुक्त समाज आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कागदावरचा शिक्का गेला, तरी चोरी झाली की पहिला छापा पारध्यांच्या पालावर, हा अनुभव मात्र दीर्घकाळ मागे राहिला.

ठगी व डकैती विभाग १९०४ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे-गुप्तवार्ता विभाग स्थापन झाला. आजच्या गुप्तचर विभागाची पूर्वपीठिका तेथे सापडते.

ठग दहशतवादी होते काय?

१९८४ मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड रॅपोपोर्ट यांनी ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. दहशतवाद ही बॉम्ब आणि वृत्तपत्रांच्या युगाची निर्मिती आहे, हा समज त्यांना खोडून काढायचा होता. त्यासाठी त्यांनी इतिहासातील तीन उदाहरणे घेतली : पहिल्या शतकातील ज्यू झेलट, मध्ययुगीन पश्चिम आशियातील असॅसिन आणि भारतातील ठग. या विषयाच्या अभ्यासात हा लेख पायाभूत मानला जातो आणि त्यामुळे नर्मदाकाठच्या टोळ्या जागतिक दहशतवादाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसल्या.

नंतरच्या इतिहासकारांनी मात्र गंभीर आक्षेप घेतले. राधिका सिंघा यांनी वसाहतकालीन कायद्याच्या अभ्यासातून आणि किम वॅग्नर यांनी २००७ च्या ग्रंथातून दाखवले की, ठगांविषयीची बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आणि तीही शिक्षा टाळण्याच्या ओढीतून आलेली आहे. खून आणि लूट खरी होती. परंतु कालीच्या आज्ञेने चालणारा देशव्यापी गुप्त पंथ हे चित्र बऱ्याच अंशी राज्यकर्त्यांच्या कल्पनेने रंगवलेले होते. अनेक टोळ्यांना जमीनदारांचा आश्रय होता आणि लूट हे हंगामी उत्पन्नाचे साधन होते. शिवाय ठगांना प्रसिद्धी नको होती. दहशतवाद्याला मात्र भीती दूरवर पोहोचवायची असते.

आकड्यांची कथा अधिक बोलकी आहे. स्लीमनचा नातू जेम्स स्लीमन याने ठगांनी केलेल्या हत्यांचा आकडा दहा लाखांवर नेला आणि तो आपल्या पुस्तकाच्या नावातच छापला. रॅपोपोर्ट यांनी सावध अंदाज म्हणून पाच लाखांचा आकडा दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज याहून फार खाली आले. काही आरोपींच्या कथनांवरून हिशेब मांडून तो शतकांवर पसरवला की आकडा हवा तेवढा फुगतो. माहिती कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या लाभासाठी दिली, हे तपासल्याशिवाय ती स्वीकारू नये, हा धडा जबलपूरच्या दप्तरांनी या विद्याशाखेला दिला आहे.

व्याख्येचा पेच

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आजही नाही. डच अभ्यासक अ‍ॅलेक्स श्मिड यांनी १९८८ मध्ये १०९ व्याख्या गोळा करून त्यांतील समान घटक मोजले. हिंसा किंवा बळाचा उल्लेख ८३.५ टक्के व्याख्यांत होता, राजकीय हेतूचा ६५ टक्के व्याख्यांत आणि भीतीचा ५१ टक्के व्याख्यांत. म्हणजे ज्या शब्दातच दहशत आहे, त्याच्या जवळपास निम्म्या व्याख्यांत भीतीचा उल्लेखच नव्हता.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात मुंबई इलाख्यातील क्रांतिकारी कटांचा वृत्तान्त याच घटनाक्रमाभोवती मांडलेला आहे. परकीय सरकारच्या लेखी ती राजद्रोही दहशत होती. महाराष्ट्राच्या स्मृतीत ती क्रांती आहे. कृत्य तेच, नाव देणारा वेगळा. म्हणूनच अनेक संशोधक ध्येयाचा न्याय बाजूला ठेवून पद्धतीकडे पाहतात : लढाईत नसलेल्या सामान्य माणसांना लक्ष्य करून तिसऱ्यालाच संदेश दिला जात आहे काय, हा त्यांचा निकष असतो. या निकषाने १२ मार्च १९९३ चे मुंबईतील बॉम्बस्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला यांविषयी कोणताही संभ्रम राहत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे सर्वंकष दहशतवादविरोधी कराराचा मसुदा मांडला. स्वातंत्र्यलढा आणि दहशतवाद यांत भेद कसा करावा, तसेच राज्यसंस्थेच्या सैन्याच्या कृती त्यात मोडतात काय, या प्रश्नांवर तो अडकून राहिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २०१६ च्या आरंभी हिंसक अतिरेक रोखण्याचा कृती आराखडा मांडला. त्यातही ‘हिंसक अतिरेक’ या शब्दाची व्याख्या सदस्य देशांवर सोडली गेली. भारतात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम १५ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. मूळ कायदा १९६७ चा असला, तरी दहशतवादाशी संबंधित तरतुदी त्यात २००४ मध्ये आल्या आणि २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर त्या अधिक कठोर झाल्या. त्याच डिसेंबरात एनआयएची स्थापना करणारा कायदाही संमत झाला.

मोजणार कसे?

व्याख्या डळमळीत असली की मोजणीही डळमळते. या क्षेत्रातील सर्वांत मोठा खुला माहितीसाठा अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचा ‘ग्लोबल टेररिझम डेटाबेस’ हा आहे. १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटना त्यात नोंदलेल्या आहेत. त्याची सुरुवात एका खासगी सुरक्षा कंपनीच्या कार्डांपासून झाली. त्या कंपनीने कार्यालय हलवले तेव्हा १९९३ या वर्षाची कार्डे गहाळ झाली आणि ती पोकळी आजही पूर्णपणे भरलेली नाही. मुंबईच्या साखळी स्फोटांचे तेच वर्ष आहे, हे भारतीय अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हा साठा मुख्यतः वृत्तपत्रे व अन्य माध्यमांतील बातम्यांवर उभा आहे. त्यामुळे ज्या प्रदेशात वार्ताहर पोहोचत नाहीत, तेथील हिंसा त्यात कमी दिसते. राज्यसंस्थेने केलेली हिंसा तर त्याच्या व्याख्येतच बसत नाही.

भारतात दिल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट’ या संस्थेचे ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’ हा अशा आकडेवारीचा प्रमुख संदर्भ आहे. पंजाब पोलिसांचे माजी महासंचालक के. पी. एस. गिल हे या संस्थेचे संस्थापक अध्यक्ष होते.

मर्यादा असूनही या साठ्यांनी काही समज मोडून काढले आहेत. ‘ग्लोबल टेररिझम इंडेक्स’ या वार्षिक निर्देशांकानुसार २०१४ या वर्षी दहशतवादाने ३२ हजारांहून अधिक बळी घेतले. त्यांतील ७८ टक्के बळी इराक, नायजेरिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि सीरिया या पाचच देशांत गेले. पुढील वर्षांत हा आकडा लक्षणीय घटला आणि हिंसेचे केंद्र आफ्रिकेतील साहेल पट्ट्याकडे सरकले. पाश्चात्त्य राजधान्यांतील हल्ल्यांना मोठी प्रसिद्धी मिळते. बहुसंख्य मृत्यू मात्र गरीब आणि युद्धग्रस्त देशांत होतात. जागतिक पातळीवर इस्लामी अतिरेकी गटांचे सर्वाधिक बळीही मुस्लीमच ठरले आहेत.

कोण आणि का?

दारिद्र्य आणि निरक्षरता यांतून दहशतवाद जन्मतो, हा सर्वांत लोकप्रिय सिद्धान्त. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोवा यांनी २००३ मध्ये तो तपासला. लेबनॉनमधील हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या १२९ सदस्यांची त्यांनी तेथील सामान्य लोकसंख्येशी तुलना केली. हे सदस्य तुलनेने अधिक गरीब नव्हते आणि कमी शिकलेलेही नव्हते. दारिद्र्य दूर करणे आवश्यक आहेच, पण ते दहशतवादावरचे औषध म्हणून विकू नये, असा या संशोधनाचा रोख होता.

मानसिक विकृतीचा सिद्धान्तही टिकला नाही. स्वभाव शरीरावर लिहिलेला असतो, हा समज फार जुना आहे. सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या १८३३ मध्ये एडिंबरोला पाठवण्यात आल्या होत्या. कवटीच्या आकारावरून स्वभाव ओळखू पाहणाऱ्या तेथील अभ्यासकांना खुनी वृत्तीचा उंचवटा शोधायचा होता. कवटीशास्त्र भ्रामक ठरले. पुढच्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी ‘दहशतवादी व्यक्तिमत्त्व’ शोधले आणि तेही सापडले नाही. जॉन हॉर्गन यांनी म्हणूनच सुचवले की, माणसाचा साचा शोधण्यापेक्षा त्याचा मार्ग शोधावा : तो आत कसा गेला, आत काय झाले, बाहेर कसा पडला.

या मार्गाचे सर्वांत ठळक चिन्ह ओळखीचे लोक हे आहे. मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये जागतिक जिहादी जाळ्यातील १७२ व्यक्तींचे चरित्र अभ्यासले. त्यांपैकी ६८ टक्के जण आधीच्या मैत्रीतून आणि १४ टक्के जण नातेसंबंधातून आत ओढले गेले होते. विचारसरणी अनेकदा मागाहून आली. सोबत आधी आली. मे २०१४ मध्ये मुंबईजवळच्या कल्याणमधून चार तरुण इराकला गेले, तेव्हा तेही एकमेकांना ओळखणारे होते. त्यांपैकी एक जण त्याच वर्षी परतला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. एका शहरातून चौघे गेले आणि शेजारच्या शहरांतून कोणीच गेले नाही, याचे उत्तर जनगणनेच्या आकड्यांत सापडत नाही. ते मित्रांच्या वर्तुळात शोधावे लागते.

मत आणि कृती यांतील अंतर हा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष. क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को यांनी दोन वेगळे पिरॅमिड मांडले, एक मताचा आणि दुसरा कृतीचा. टोकाची मते बाळगणाऱ्यांपैकी बहुसंख्य कधीच शस्त्र हाती घेत नाहीत आणि शस्त्र घेणाऱ्यांपैकी काहींना विचारसरणीची जेमतेम ओळख असते. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

भाकिताची मर्यादा

हा धोका साध्या अंकगणितानेही समजतो. समजा, १० लाख लोकसंख्येच्या शहरात १०० जण खरोखर धोकादायक आहेत आणि त्यांना ओळखण्याची एक कसोटी ९९ टक्के अचूक आहे. ती १०० पैकी ९९ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९ लाख ९९ हजार ९०० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे ९ हजार ९९९ जणही तिच्या जाळ्यात सापडतील. एका खऱ्या संशयितामागे शंभर निर्दोष. प्रत्यक्षात एवढी अचूक कसोटी कोणाकडेही नाही आणि खरा धोका असणाऱ्यांची संख्या याहूनही कमी असते. विरळ घटनेचे भाकीत करताना उत्तम साधनही बहुधा चुकते. दाढी, पेहराव किंवा मोहल्ला ही तर साधनेही नव्हेत.

न्यूयॉर्क पोलिसांचा अनुभव या संदर्भात वारंवार सांगितला जातो. २००७ मध्ये त्यांनी एका अहवालात कट्टरतेचे चार टप्पे मांडले. धूम्रपान सोडणे, दाढी वाढवणे अशा नित्याच्या गोष्टीही त्यात खुणा ठरल्या. या विचाराच्या आधारे मुस्लीम वस्त्यांवर पाळत ठेवल्याच्या तक्रारी झाल्या, न्यायालयात दावे गेले आणि २०१६ च्या तडजोडीत तो अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढण्याचे ठरले.

भारतात चुकीच्या अनुमानाची किंमत मालेगावने मोजली आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी तेथे कब्रस्तान परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक लोक मरण पावले. प्रारंभी शहरातील व परिसरातील नऊ मुस्लिमांना अटक झाली. पुढे एनआयएच्या तपासाला वेगळी दिशा मिळाली, इतरांवर आरोपपत्र दाखल झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केले. त्यांची जवळपास दहा वर्षे गेली होती. मृतांच्या कुटुंबांसाठीही हा अन्यायच होता, कारण चुकीचा माणूस तुरुंगात असताना खऱ्या गुन्हेगाराचा माग थंडावतो.

हिंसा संपते कशी?

दहशतवादी संघटना चिरंजीव नसतात. अमेरिकेतील रँड संस्थेच्या सेठ जोन्स आणि मार्टिन लिबिकी यांनी २००८ मध्ये १९६८ ते २००६ या काळातील ६४८ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जे गट संपुष्टात आले, त्यांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील होऊन थांबले आणि ४० टक्के पोलीस व गुप्तवार्ता यंत्रणेच्या कामामुळे मोडले. केवळ लष्करी बळाने संपलेले गट सात टक्के होते. दहा टक्के गटांनी मात्र आपले उद्दिष्ट साध्य केले.

जबलपूर विभागाला या प्रश्नाचा वेगळा अनुभव आहे. याच महसुली विभागातील बालाघाट जिल्हा दीर्घकाळ नक्षल चळवळीच्या छायेत राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये तेथे मध्य प्रदेशचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची हत्या झाली. बालाघाट, महाराष्ट्रातील गोंदिया आणि छत्तीसगडमधील लगतचा पट्टा माओवाद्यांनी ‘एमएमसी झोन’ म्हणून बांधला होता. या झोनचा प्रमुख मिलिंद तेलतुंबडे नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोलीतील मर्दिनटोला जंगलात चकमकीत मारला गेला.

गडचिरोलीत बळाबरोबर दुसरा मार्गही चालू होता. महाराष्ट्राने २००५ पासून आत्मसमर्पण व पुनर्वसन योजना राबवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. संशोधकांनी येथे दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे केले आहेत : शस्त्र सोडणे आणि विचार सोडणे. शस्त्र सोडणाऱ्याचे विचार लगेच बदलतातच असे नाही. पण हॉर्गन यांच्यासह अनेकांचे प्रतिपादन असे की, समाजाच्या सुरक्षिततेसाठी पहिली गोष्ट अधिक तातडीची असते आणि तिच्यासाठी कुटुंब, रोजगार व जिवाची हमी लागते. जबलपूरच्या उद्योगशाळेतील गालिचे आणि गडचिरोलीतील पुनर्वसन यांत दोन शतकांचे अंतर आहे. परतीची वाट लागते हे मात्र दोन्हीकडे मान्य केलेले दिसते. फरक असा की, उद्योगशाळेतील माणूस अखेरपर्यंत कैदीच राहिला.

मोहल्ल्यातील दुवे

फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात भीषण जातीय दंगल झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या दंगलींत तिची गणना होते. एका गुन्ह्याच्या बातमीतून सुरू झालेला क्षोभ अफवा आणि भडक मजकुराने पेटत गेला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषदेची स्थापना झाली. दंगल म्हणजे दहशतवाद नव्हे. दोन्हींची घडण भिन्न आहे. परंतु दंगलीच्या आठवणी हा अतिरेकी प्रचाराचा आवडता कच्चा माल असतो, त्यामुळे त्यांचा एकत्र विचार करावा लागतो.

आशुतोष वार्ष्णेय यांनी स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासह १९५० ते १९९५ या काळातील दंगलींची नोंद केली. दंगलीतील मृत्यूंपैकी जवळपास निम्मे आठच शहरांत झाले होते. २००२ च्या ग्रंथात वार्ष्णेय यांनी शांत आणि अशांत शहरांच्या जोड्यांची तुलना केली. जेथे व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये यांत हिंदू-मुस्लीम एकत्र होते, तेथे अफवा दबली. जेथे असे दुवे नव्हते, तेथे ती पेटली. नुसता शेजार शहरांना पुरेसा ठरला नाही, संघटित सहवास लागला.

त्यांच्या अभ्यासातील एक उदाहरण ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचे आहे. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेल्या या यंत्रमागनगरीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतील सामान्य नागरिक नियमित भेटू लागले, पोलीस ठाण्याची पायरी परकी राहिली नाही. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

सेजमन यांचे मित्रांचे वर्तुळ आणि खोपडे यांची मोहल्ला समिती एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत. जवळच्या माणसांच्या सोबतीने तरुण वाट चुकतो आणि तशाच सोबतीने सावरतो. आपल्या मुलात झालेला बदल आईवडील, शिक्षक, मित्र यांना तपास यंत्रणेच्या आधी दिसतो. ते कोणाकडे विश्वासाने जाऊ शकतात काय, यावर बरेच अवलंबून असते. संपूर्ण वस्ती संशयित ठरली, तर हा दरवाजा आतून बंद होतो.

जुना प्रश्न, नवा कायदा

१८३६ चा प्रश्न आजही न्यायालयांपुढे आहे. बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्व गुन्हा ठरत नाही, त्यासाठी हिंसेत सहभाग किंवा चिथावणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने २०११ मध्ये म्हटले होते. २४ मार्च २०२३ रोजी त्रिसदस्यीय पीठाने हे मत रद्द ठरवले. बेकायदा घोषित संघटनेचे सदस्य राहणे हाच गुन्हा आहे, असे आता विधिमत आहे. संघटित हिंसेला आधीच रोखायचे तर असा कायदा हवा, हा राज्यसंस्थेचा युक्तिवाद आहे. सदस्यत्व सिद्ध कशाने करायचे आणि त्याची कक्षा किती ताणायची, हा नागरी हक्कांच्या पक्षाचा प्रश्न आहे. जबलपूरच्या इतिहासात दोन्हींना आधार सापडतो : उकरून काढलेले सांगाडे खरे होते आणि पुढे आख्ख्या जमातींवर मारलेला शिक्काही खराच होता.

पाच दशकांच्या संशोधनाचे सार थोडक्यात असे मांडता येते. दहशतवाद्याचा ठरावीक चेहरा नाही. त्याला जन्म देणारे एकच कारण नाही. तो बहुधा ओळखीच्या वाटेने येतो, चांगल्या पोलीस तपासाने पकडला जातो आणि परतीची वाट मोकळी असल्यास अनेकदा परततो. म्हणून तपास व्यक्तीच्या कृत्याचा व्हावा आणि पुरावा साक्षीदाराच्या लाभापलीकडे जाऊन पारखला जावा. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झाली, हे गोहलपुरातील रहिवाशालाही देशातील इतर कोणाइतकेच हवे असते. त्याच्या पत्त्यावरून त्याची पारख होऊ नये, एवढीच त्याची अधिकची अपेक्षा असते. संशोधन सांगते की, ती अपेक्षा पुरी होण्यात सर्वांच्याच सुरक्षिततेचे हित आहे.